ई-एससीआर: फुकटात मिळालेलं ग्रंथालय

दिवसभर तालुका कोर्ट, शनिवारी दुपारी कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या पोट्ट्यांना कोर्टाचे निकाल शोधायला शिकवतो. तासिकेचे पैसे पेट्रोलातच जातात, ते असो. सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर, म्हणजे त्याच्या निकालांचा ऑनलाइन संग्रह, २०२३ पासून फुकट आहे, तेच वापरतो. पोट्टे बातमी वाचतात अन् निकाल वाचला म्हणतात. म्हणून फळ्यावर फक्त '१९७९, १ एससीआर, ८१०' लिहिलं: वर्ष, खंड, पान. वडशाची, म्हणजे देसाईगंजची, एक पोरगी मोबाइलवर उघडून म्हणते, "सर, हे तं आमच्या देसाईगंजचं पोलीस ठाणं!" तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, म्हणजे मथुरा खटला: ठाण्यातल्या बलात्काराचे आरोपी पोलीस यात सुटले. वर्ग चिडीचूप. या निकालावरच्या संतापातून झालेल्या बलात्कार कायद्याच्या १९८३च्या दुरुस्तीपर्यंत ती पुढच्या शनिवारी स्वतःच पोचली. इंग्रजी जड जाते, एकेका परिच्छेदाला अर्धा तास. त्यात लाइन गेली, की तास चिंचेखाली.