घरची तीन दोऱ्यांची इंटरलॉक मशीन: दिवाळी ते आखाजी (अक्षय तृतीया) वापरल्यावर

इंटरलॉक म्हणजे कापडाची कड पात्याने कापत दोऱ्यांनी गुंफणारी मशीन. सुती कापडावर ठीक चालणारी माझी मशीन होजिअरी (टी-शर्टचं ताणणारं कापड) घातली की टाके सोडायला लागली, कड कुरतडल्यासारखी यायला लागली. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे, मोटर गेली असेल, जळगावला घेऊन या, पातं वॉरंटीत येत नाही. चोपड्याहून एसटीत हे धूड न्यायचं कसं? शेवटी गावातल्या मिस्त्रींनी झाकण उघडलं. खालचं पातं सुईखालच्या प्लेटच्या खाली सरकलं होतं. ते प्लेटच्या पातळीत बसवलं, धार लावली, होजिअरीसाठी ११ नंबरची बॉलपॉइंट सुई घातली. झालं काम! एवढं फोनवर सांगता येत नव्हतं? राग अजून गेलेला नाही.

माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. इंटरलॉकची कड लेकरांना टोचते. आखाजीला नणंद माहेरी आली, तिच्या लेकीला नवं झबलं घातलं आणि संध्याकाळपर्यंत काखेत लाल वळ. आपल्याकडे तेव्हा पारा ४४-४५ ला असतो, घामात पॉलिस्टरची कड किसणीसारखी लागते. फिनिशिंग छान म्हणणारे आतून हात फिरवून बघतच नाहीत.

म्हणून मलमलीला फ्रेंच शिलाईच, म्हणजे दोनदा शिवून कच्ची कड आत बंद करायची. आधी कापड भिजवून आटवून घ्यायचं, दाब (शिलाईसाठी सोडायचं जास्तीचं कापड) एक सेंटिमीटर धरून बेतायचं. सुलट बाजू बाहेर ठेवून ४ मिमीवर पहिली टीप, निघालेले धागे बारीक कातरायचे, मग उलटवून ६ मिमीवर दुसरी. काखेच्या गोलाईत ही शिलाई जाड होते, तिथे त्याच मलमलीची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावायची. तयार पॉलिस्टर पट्टी अजिबात नको.

मशीन विकायचं जवळजवळ ठरलं होतं. मग फुले मार्केटमध्ये फुगीर दोरा मिळाला. तो फक्त दोन्ही लूपरमध्ये, म्हणजे कडेभोवती दोरा गुंफणाऱ्या आकड्यांमध्ये घातला, कारण अंगाला लागतो तो मुख्यतः लूपरचाच दोरा. दोऱ्याचं टेन्शन थोडं सैल केलं. कड इतकी मऊ आली की मत बदललं. आता टी-शर्ट, चड्ड्या, शाळेचे गणवेश सगळं हिच्यावरच. तान्ह्यांचे कपडे मात्र अजूनही नाही.

शिलाईच्या शेवटी दोनेक इंच दोऱ्यांची साखळी सोडा आणि बोथट सुईने टाक्यांत ओढून घ्या, नाहीतर धुण्यात उसवते. टाचण्या पात्याखाली जाऊ देऊ नका. घेण्याआधी सुटी पाती जवळपास मिळतात का, ते विचारा. मी नवं पातं मागवलंय, दुकानदार पंधरा दिवस म्हणतोय, तोवर जीन्सचं कापड बाजूला ठेवलंय.