ट्रॅक चेंजेस: प्राध्यापकी सोडल्यावरचा माझा उजवा हात

बारा वर्षं इतिहास शिकवला, मग नोकरी सोडून स्वतंत्रपणे संपादनाची कामं घ्यायला लागले. या कामात मला सगळ्यात जास्त हात दिला तो वर्डमधल्या ट्रॅक चेंजेसने, म्हणजे मजकुरातला प्रत्येक बदल खुणेसकट दाखवणाऱ्या सोयीने.

प्रबंध तपासायचे तेव्हा हातात लाल पेन आणि समासात ‘अस्पष्ट’ एवढाच शेरा. पुढचं विद्यार्थ्याने बघावं. इथे तसं चालत नाही. कंट्रोल-शिफ्ट-ई दाबलं की मी बदललेला काना, मात्रा, वेलांटी सगळं नोंदलं जातं. लेखक हवं ते स्वीकारतो, नको ते परत फिरवतो. मजकूर त्याचा आहे, हे मला या सोयीनेच अंगवळणी पाडलं. आता कॉमेंटमध्ये मी विचारते, ‘इथे “त्याने” म्हणजे राजाने की सरदाराने?’

मराठीत काम करणाऱ्यांनी एक अडचण जरूर लक्षात ठेवावी. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेतो, कुणी साधा र आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधताना एक रूप टाकलं तर दुसरं सुटू शकतं. तीनशे पानांच्या एका हस्तलिखितात माझे कितीतरी ‘दुसऱ्या’ असेच निसटले. फार वाईट वाटलं. आता सुरुवातीलाच दोन्ही रूपं शोधून एकसारखी करते, तेही ट्रॅकिंग बंद ठेवून. नाहीतर शेकडो लाल खुणांत खरे बदल हरवतात. काय केलं ते लेखकाला आधीच कळवते.