सिंगल-फेज घराला थ्री-फेज जनरेटर: गणपतीपासून आंब्याच्या सीझनपर्यंतचा अनुभव

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्राला अगदी लागून. खाली चार खोल्यांचं होमस्टे आणि खानावळ, वर आम्ही. मीटर सिंगल-फेज, म्हणजे वीज येणारी वायर (फेज) एकच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात खांब आडवे झाले आणि इथली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली, तेव्हापासून जनरेटर घ्यायचं मनात होतं. गेल्या गणपतीआधी एका काजू कारखान्याचा १५ केव्हीए क्षमतेचा थ्री-फेज, म्हणजे तीन फेज देणारा डिझेल जनरेटर चांगल्या स्थितीत मिळाला. आता आंबा संपत आलाय. सिंगल-फेज घराला तो चालतो का, असं बरेच जण विचारतात. चालतो, आणि छान चालतो. सगळा प्रश्न जोडणीचा आहे.

प्लेटवरचे १५ केव्हीए तिन्ही फेजचे मिळून असतात. एका फेजला आले ५ केव्हीए, म्हणजे साधारण २० अँपिअर. सगळं घर एकाच फेजवर टाकलं तर तुम्ही एक तृतीयांश जनरेटर वापरता, बाकीचे दोन फेज रिकामे, त्यांचं व्होल्टेज वरखाली होतं आणि अल्टरनेटर, म्हणजे जनरेटरचा वीज तयार करणारा भाग, नाहक तापतो. वायरची बारा टोकं बाहेर काढलेला अल्टरनेटर असेल तर आतली जोडणी बदलून तो सिंगल-फेज करता येतो, पण मग क्षमता साधारण दोन तृतीयांशाच्या आसपास उतरते, ब्रेकर आणि मीटरही बदलावे लागतात. मला ते पटलं नाही.

आमच्या वायरमनने केलं ते असं. घरातल्या सर्किटचे डीबीमध्ये (सगळ्या सर्किटच्या वायरी जिथे येतात त्या पेटीत) तीन गट पाडले आणि ६३ अँपिअरचा फोर-पोल चेंजओव्हर, म्हणजे घर लाईटवर की जनरेटरवर हे ठरवणारा चार वायरींचा स्विच, बसवला. लाईटच्या बाजूला तिन्ही फेजचे पोल जंपरने (जोडवायरने) एकत्र करून तिथे मीटरचा एकच फेज दिला. जनरेटरच्या बाजूला आर, वाय, बी हे तीन फेज वेगवेगळे. हँडल वर असताना तिन्ही गट एकाच फेजवर, खाली केलं की प्रत्येक गट आपापल्या फेजवर. घरात एकही नवी वायर ओढावी लागली नाही. जंपर मात्र चुकूनही जनरेटरच्या किंवा घराच्या बाजूला पडता कामा नये, नाहीतर जनरेटर चालू होताच तीन फेज एकमेकांवर शॉर्ट.

खरी काळजी न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरची. लाईट असते तेव्हा तिन्ही गटांचा करंट एकाच न्यूट्रलमधून बेरीज होऊन परत जातो, म्हणून ती वायर आणि चेंजओव्हरचा चौथा पोल पूर्ण घराचा लोड पेलणारा हवा. जनरेटरवर उलट, तिथे न्यूट्रलमधून फक्त फरक वाहतो, म्हणून तो थंड असतो आणि कुणाचं लक्षच जात नाही. आता तोच न्यूट्रल जनरेटरवर असताना सुटला तर? दोन गट दोन फेजमधल्या ४१५ व्होल्टवर एकामागे एक लागतात, आणि ज्या गटावर लोड कमी त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं. टीव्ही, फ्रिज, चार्जर सगळं जळतं. मीटरच्या लाईटवर हाच सैल स्क्रू नुसता अंधार करतो.

आणि इथे तर खारी हवा. दिवाळीनंतर डीबी उघडली तेव्हा न्यूट्रल लिंकच्या (सगळे न्यूट्रल जोडायच्या पट्टीच्या) पितळी स्क्रूवर हिरवट थर चढलेला होता आणि एक स्क्रू अर्धा आटा फिरला. तेव्हापासून दर महिन्याला मेन बंद करून, जनरेटरची बॅटरी सोडवून सगळे स्क्रू आवळून घेतो. अर्थिंगचंही तसंच. आमची जमीन जांभ्याची, पावसाळ्यानंतर पाणी झिरपून जातं आणि खड्डा कोरडा पडतो. मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यांत नियमाने पाणी ओततो.

गट पाडताना आणखी एक बघा. वरच्या मजल्यावर एका स्विचबोर्डमध्ये दोन वेगळ्या सर्किटचे फेज आले होते. एरवी काही बिघडत नाही, पण जनरेटरवर त्याच बोर्डात दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट उभे राहतात. ते आधी वेगळं करून घेतलं. जिन्याचे टू-वे स्विचही तपासा.

लोड असा वाटलाय: पंप आणि खालचे दिवे एकावर, दोन एसी दुसऱ्यावर, डीप फ्रीझर, स्वयंपाकघर आणि वरचं घर तिसऱ्यावर. गीझर विभागून. पंप सुरू होताना दिवे क्षणभर मंदावतात, एवढंच. फ्रीझरमधली सुरमई आणि आमरस पावसात लाईट बराच वेळ गेली तेव्हाही नीट राहिले, याचं मला फार समाधान आहे.

डिझेल अर्ध्या लोडला तासाला दोन-सव्वादोन लिटर जातं. रात्री पंखे आणि फ्रीझरपुरता चालवला तर परवडत नाही, शिवाय इतक्या कमी लोडवर इंधन पुरतं जळत नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी काळा, तेलकट ओलावा दिसायला लागला होता. आता संध्याकाळी काही तास चालवतो, तेव्हाच टाकी भरणं, गीझर, सगळं उरकतो, आणि रात्र इन्व्हर्टरवर. ओलावा थांबला.

पाऊस जवळ आलाय म्हणून परवा तिन्ही गटांना एकेक ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर लावून घेतला. न्यूट्रल सुटला तरी तो गट लगेच तोडला जावा यासाठी. थ्री-फेज जनरेटर घरी घेणार असाल तर हे पहिल्याच दिवशी बसवा.