रेझ्युमे वर आणून देतो म्हणाले, आणि माझ्या नावावर खोटा अनुभव लावला

पुण्यात आयटीमध्ये पहिली नोकरी शोधणाऱ्या, त्यातही सोलापूर, लातूर, नांदेडकडून येऊन कर्वेनगर-वारज्यात पीजीत राहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. "तुमचं प्रोफाइल गर्दीतून वर आणून देतो" असं सांगून एका कन्सल्टन्सीने माझ्याकडून साडेएकवीस हजार रुपये घेतले. पैसे गेले ते गेलेच. त्याहून वाईट म्हणजे मला न विचारता माझ्या नावावर दोन वर्षांचा खोटा अनुभव लावून तो रेझ्युमे कंपन्यांना पाठवला, आणि मी स्वतःच्या अभ्यासावर मिळवत आणलेली एक नोकरी त्यामुळे हातची गेली. तक्रार चालू आहे, म्हणून नाव देत नाही. त्यांची पद्धत मात्र सगळी सांगते.

मी सोलापूरहून एमसीए केलं आणि पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला. आमची बॅच बाहेर पडली तो काळ वाईट होता. 2023-24 या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची कर्मचारीसंख्या मिळून साठ हजारांच्या वर घटली. मोठ्या कंपन्या भरती थांबवतात तेव्हा एक-दोन वर्षं अनुभव असलेली मुलंही फ्रेशरच्या जागांना अर्ज करतात. जॉब साइटवर जागेखाली अर्जांचा आकडा दिसतो, तो बघूनच धीर सुटतो. ही मंडळी नेमकी तिथे येऊन उभी राहतात.

फोन आला तो मराठीतूनच. बोलणारी बाई अगदी अदबीने बोलत होती. माझं कॉलेज, पासआउटचं वर्ष, कोर्स, सगळं तिला माहीत होतं. ही माहिती जॉब साइटवरच्या प्रोफाइलमध्ये असते आणि साइटला पैसे भरणाऱ्या कोणत्याही रिक्रूटरला ती दिसते, हे मला नंतर कळलं. "मॅडम, तुमचं प्रोफाइल छान आहे, पण एटीएस स्कोअर अडतीसच येतोय. पंच्याहत्तरच्या खाली असलेला रेझ्युमे एचआरपर्यंत पोचतच नाही."

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळा खेळ या स्कोअरवर उभा आहे. एटीएस म्हणजे कंपनीत आलेले अर्ज साठवण्याचं आणि चाळण्याचं सॉफ्टवेअर. ते खरंच असतं, बहुतेक मोठ्या कंपन्या वापरतात. पण प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि काय शोधायचं हे त्या त्या जागेसाठी तिथला माणूस ठरवतो. सगळ्या कंपन्यांना लागू पडेल असा एकच एटीएस स्कोअर कुठेही नसतो. बाहेरच्या एखाद्या साइटने किंवा कन्सल्टन्सीने दाखवलेला आकडा हा त्यांचा स्वतःचा आकडा. तो कमी दाखवला की माणूस घाबरतो, एवढंच त्याचं काम. रेझ्युमे दोन कॉलममध्ये, टेबलात किंवा चित्रासारखा बनवला असेल तर सॉफ्टवेअरला मजकूर बऱ्याचदा नीट वाचता येत नाही, ही गोष्ट मात्र खरी. त्यावरचा उपाय फुकट आहे. साधी एका कॉलमची फाइल करायची, जाहिरातीत मागितलेलं जे कौशल्य आपल्याला खरंच येतं ते त्याच शब्दांत लिहायचं.

पैसे टप्प्याटप्प्याने गेले. आधी रजिस्ट्रेशनचे दीड हजार. मग "प्रायॉरिटी प्रोफाइल"चे आठ हजार, म्हणजे म्हणे टायअप असलेल्या कंपन्यांच्या एचआरला आपला रेझ्युमे सगळ्यात आधी दिसतो. मग "पॅनल इंटरव्ह्यू"चे बारा हजार, त्यातले दहा हजार ऑफर लेटर आल्यावर परत. प्रत्येक वेळी पुढच्या पायरीवर नोकरी अगदी समोर दिसेल असं बोलायचे, आणि आता थांबलात तर आधीचे पैसे वाया जातील असंही. क्यूआर स्कॅन केला की नाव यायचं एका माणसाचं, कंपनीचं नव्हे. विचारलं तर "अकाउंट्सवाल्या सरांचं आहे". पावती छापील आणि जीएसटी क्रमांक असलेली होती, त्यामुळे बाबांनाही भरवसा वाटला. पुढे तो क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला. तिथे लॉगिन न करता कुणालाही शोधता येतं. महाराष्ट्रात नोंदणी असेल तर क्रमांकाची सुरुवात 27 ने होते. यांचा क्रमांक दुसऱ्याच राज्यातला, एका कापड दुकानाचा निघाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "प्रोफाइल ऑप्टिमाइझ करायचंय" म्हणून त्यांनी जॉब साइटचा पासवर्ड घेतला आणि एक नवा "प्रोफेशनल" ईमेल स्वतःच बनवून प्रोफाइलला जोडला. त्याचा पासवर्ड त्यांच्याकडेच होता. त्यामुळे प्रोफाइलमध्ये काय बदललं, कुठे अर्ज गेला, याचा एकही मेल मला येत नव्हता.

दरम्यान माझी माझी धडपड चालूच होती. खराडीतल्या एका कंपनीच्या स्वतःच्या करिअर पेजवर फ्रेशर म्हणून अर्ज केला. ऑनलाइन परीक्षा पास झाले, टेक्निकल राउंडही चांगला गेला. एचआर राउंडला समोरच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "तुमचे आमच्याकडे दोन रेझ्युमे आहेत. कुठला खरा?" आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. एकावर मी फ्रेशर. दुसऱ्यावर तेच नाव, तोच फोटो, तोच मोबाइल नंबर, आणि बेंगळुरूच्या कुठल्याशा कंपनीत दोन वर्षं टेस्ट इंजिनिअर. एकाच मोबाइल नंबरचे दोन अर्ज आले की त्यांचं सॉफ्टवेअर ते जोडून दाखवतं. मी जे खरं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण माहितीत तफावत असल्यामुळे पुढे जाता येत नाही असा मेल आला. त्यांना तरी कसं कळावं खोटं कोण बोलतंय?

कन्सल्टन्सीत जाब विचारायला गेले तेव्हा तिथल्या "सरां"चा आवाजही चढला नाही. म्हणाले, सगळे असंच करतात, फ्रेशरचा रेझ्युमे कोण उघडतो? आणि लगेच पुढचा भाव सांगितला. पंचवीस हजारांत "पूर्ण किट", म्हणजे अनुभव पत्र, पगाराच्या स्लिपा, रिलिव्हिंग लेटर म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, आणि व्हेरिफिकेशनचा फोन उचलायला त्यांचाच माणूस. पीएफचं काय, विचारलं. "छोटी कंपनी दाखवू, वीसपेक्षा कमी माणसं, पीएफ लागूच होत नाही."

हे ऐकून कुणाला मोह झाला तर पुढचं नीट वाचा. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू असतो. यूएएन म्हणजे पीएफ खातेदाराचा कायमचा नंबर. त्याखाली कुठे, कधीपासून कधीपर्यंत नोकरी केली याची नोंद राहते आणि कंपन्या व्हेरिफिकेशनमध्ये ती मागतात. पीएफ नाही म्हटलं तर बँकेचं स्टेटमेंट मागतात, कर कापल्याची नोंद असलेले फॉर्म 16 किंवा 26एएस मागतात. अनुभव देणारी कंपनी खरंच आहे का, चालू आहे की नोंदणी रद्द झाली आहे, हे कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर दिसतं. ही तपासणी बऱ्याचदा रुजू झाल्यावरही चालू असते, त्यामुळे नोकरी लागून काही महिन्यांनी काढून टाकलेली मुलं आहेत. तेव्हा किट विकणारा फोनही उचलत नाही.

मी पैसे परत मागितले. त्यावर ते म्हणाले, "रेझ्युमे तुमच्या लॉगिनमधून गेलाय. आम्ही कंपन्यांना कळवलं तर पुण्यात सगळीकडे ब्लॅकलिस्ट व्हाल." या एका वाक्यावर यांचा धंदा चालतो. मुलं पैशांवर पाणी सोडतात आणि गप्प बसतात. माझ्याबरोबर तिथे बसणाऱ्या दोन मुली अजूनही तक्रार द्यायला तयार नाहीत, आणि मला त्यांचा राग येत नाही.

मी घरी सांगितलं. बाबा सोलापूरहून आले आणि आम्ही तक्रार दिली. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करायचा किंवा सायबरक्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंद करायची. पैसे नुकतेच गेले असतील तर समोरच्या खात्यात ते गोठवता येण्याची शक्यता असते. माझे आधीचे हप्ते जाऊन बरेच दिवस झाले होते, त्यामुळे ते हाती लागले नाहीत. फसवणुकीचं पूर्वीचं 420 कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 (4) आहे. तिथे उपयोगी पडलं ते असं: प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, पावत्यांचे फोटो, व्हॉट्सअॅपचे पूर्ण चॅट, आणि पासवर्ड मागितल्याचा त्यांचा मेसेज. हा शेवटचा मेसेज सर्वांत महत्त्वाचा ठरला, कारण रेझ्युमे माझ्या लॉगिनमधून गेला तरी लॉगिन कुणाच्या हातात होतं हे त्यातून दिसतं. भांडण झाल्यावर ते मेसेज डिलीट करतात, म्हणून आधी स्क्रीनशॉट काढा.

पैसे घेऊन रेझ्युमे लिहून देणारे सगळेच चोर नसतात. मोठ्या जॉब साइटही पैसे घेऊन रेझ्युमे लिहून देतात, प्रोफाइल ठळक दाखवतात. तो उघड व्यवहार आहे, आणि त्यात नोकरीची हमी नसते. नोकरी देतो म्हणून उमेदवाराकडून पैसे मागणारा, किंवा पासवर्ड मागणारा, दारातच थांबवा. खऱ्या कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते.

आता मी एका छोट्या कंपनीत आहे. ती जागा मला कॉलेजच्या सीनिअर ताईने सांगितली आणि तिनेच रेफर केलं. मुलाखतीत त्यांनी सर्वांत जास्त वेळ विचारलं ते मी एका रेल्वे तिकीट बुकिंगच्या डेमो साइटवर स्वतः लिहिलेल्या टेस्ट केसेसबद्दल आणि सापडलेल्या बग्जबद्दल. ती फाइल मी गिटहबवर, म्हणजे आपलं काम सगळ्यांना दिसेल असं ठेवता येणाऱ्या साइटवर, ठेवली होती. तिला एक रुपयाही खर्च आला नव्हता.

ज्यांचा रेझ्युमे असाच बदलून फिरवला गेला असेल त्यांनी पासवर्डबरोबर प्रोफाइलला जोडलेला ईमेलही बदलावा, आणि ज्या कंपन्यांत अर्ज गेल्याचं कळेल त्यांच्या एचआरला तक्रारीची प्रत जोडून स्वतः लिहावं. मी खराडीच्या त्या मॅडमना लिहिलं. ती जागा भरली गेली होती, पण खोटा रेझ्युमे रेकॉर्डमधून काढला आहे आणि पुढच्या भरतीत अर्ज करायला हरकत नाही, असं त्यांनी लेखी कळवलं.