सपाट रस्ता म्हणे! दिवाडी, मये, माशेल सायकल फेरीचा अनुभव

‘रस्ता तसा सपाटच आहे मॅडम, आरामात होईल.’ सायकली भाड्याने देणाऱ्या दुकानाचं फोनवरचं हे वाक्य मी वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय. दिवाडी बेटावरच्या पियेदादची चढण अर्धी चढून सायकल हातात धरून उभी होते, तेव्हा ते फार आठवलं.

मी फोंड्यात गणित शिकवते. वय ४९. तीन वर्षांपासून साधी, सरळ हँडलची सायकल चालवते आणि फर्मागुडीची चढण न उतरता पार करते. म्हणजे अगदीच नवखी नाही. वाकड्या हँडलची रोडबाईक मात्र कधी चालवली नव्हती. भाचा म्हणाला, ‘मावशी, विकत घेण्याआधी एकदा भाड्याने चालवून बघ.’ त्यानेच हे दुकान शोधलं. सायकल, हेल्मेट, सोबत वाटाड्या आणि नाश्ता धरून माणशी १८०० रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण चुका सांगितल्यावर मालकाने सुधारायला महिनाभराची मुदत मागितलीय आणि मी ती दिलीय.

आधी मार्ग सांगते, कारण पैसे वसूल झाले ते तिथेच. डिसेंबरातला रविवार. सकाळी साडेसहाला जुने गोवेच्या धक्क्यावरून फेरीबोट, पलीकडे दिवाडी. बोटीतून उतरलं की रस्ता थेट शेतात शिरतो. दोन्ही बाजूंना खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन, मध्ये बांधासारखा डांबरी पट्टा, बगळे, आणि वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, लावणीसाठी चिखल करून ठेवलेले शेताचे तुकडे. हा तुकडा खरंच सपाट, इतका की पायांना काही काम नाही असं वाटतं. समोरून पोदेर, म्हणजे पाववाला, आला, मागे टोपली, वर निळं प्लास्टिक, भोंगा वाजवत. त्याच्या सायकलला गिअर एकही नाही आणि पावाचं ओझं वेगळं, तरी तो आम्हाला हात करून पुढे निघून गेला. भाच्याने लाखभर रुपयांच्या सायकलवरून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, काही बोलला नाही.

मग पियेदादची टेकडी. चढ लांब नाही पण उभा आहे, आणि गोव्याच्या आतल्या भागात सगळीकडे हेच आहे. घाटासारखं तासभर चढायचं नाही, पाच मिनिटांत जीव काढून परत उतरायचं, की पुढे तेच. अशा रस्त्याला सायकलीचे गिअर कुठले, याला फार महत्त्व आहे. माझ्या सायकलीला पुढची लहान चकती ३४ दातांची होती, ते ठीक. मागे मात्र सर्वांत मोठी २५ ची. हिशेब करा: चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे पेडल एकदा फिरवलं की सायकल २.८६ मीटर पुढे जाणार. मागे ३२ दातांची असती तर २.२३ मीटर. साठ सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. उभ्या चढावर तो गुडघ्यात दिसतो. २५ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, शर्यतीतल्या पोरांना ठीक, भाड्याने येणाऱ्या शिक्षिकेला नाही.

दुसरी गोष्ट, सायकलीचं माप. बुकिंगच्या अर्जात उंची विचारली होती, मी १५७ लिहिली. हातात आली ५४ मापाची, म्हणजे माझ्याहून बऱ्याच उंच माणसाची सायकल. सीट खाली करून दिली, पण हँडलपर्यंतचं अंतर कसं कमी करणार? नारोव्याला पोचेपर्यंत दोन्ही तळवे बधिर, मान आखडलेली. वाटाड्या मयेचाच मुलगा, तेवीस-चोवीसचा. पहिल्या चढावर ‘मॅडम’ म्हणत होता, मी शाळेत शिकवते कळल्यावर ‘बाई’ म्हणायला लागला आणि प्रत्येक वळणाआधी मागे वळून ‘बाई, सवकास’. त्याला पाचपैकी पाच. त्याने स्वतःची सीट-उंची मोजण्याची पट्टी काढून माझी बसण्याची जागा पुढे सरकवली, तळव्यांचं दुखणं निम्मं झालं. हे दुकानात व्हायला हवं होतं.

नारोव्याहून दुसरी फेरीबोट, पलीकडे डिचोली तालुक्यातलं नार्वे. सप्तकोटेश्वर मूळचा या दिवाडीचाच. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर देव नदी ओलांडून पलीकडे गेला आणि तिथे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये मंदिराचा जीर्णोद्धार केला. दुरुस्तीनंतर ते २०२३ मध्ये पुन्हा खुलं झालं. महाराजांचा शिलालेख दारावर आहे. मी तो वाचत उभी राहिले आणि वाटाड्याने घड्याळाकडे पाहिलं नाही, हे लिहून ठेवते. दुकानाच्या पत्रकात मात्र या सगळ्यावर एक ओळ होती: ‘हेरिटेज पॉइंट, १० मिनिटे’.

नार्वेहून मयेकडे जाताना रस्ता माडापोफळींतून खालीवर होत राहतो. मला सगळ्या फेरीत हाच भाग आवडला. सावली, उजवीकडे डावीकडे कुळागरं, गाड्या जवळजवळ नाहीत. उतारावर वळणं आंधळी आहेत आणि गुरं रस्त्यातच बसतात, त्यामुळे ब्रेकवरची बोटं काढू नका.

मये तळ्याच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. काटा. हे कुणाचंही होतं, तक्रार नाही. तक्रार पुढची. वाटाड्याने पिशवीतून नवी ट्यूब काढली आणि तिचा व्हॉल्व्ह जाडा, स्कूटरच्या ट्यूबसारखा. रोडबाईकच्या रिमचं भोक बारीक असतं, त्यातून तो जाणार कसा? बिचाऱ्याने दोनदा घालून पाहिला. दुकानाने पिशवी न बघताच हातात दिलेली. मग रस्त्याकडेच्या चहाच्या गाड्यावरून बादली मागितली. गाड्यावरच्या मावशींनी भांडी विसळायची बादली रिकामी करून स्वच्छ पाणी भरून दिलं. ट्यूब थोडी थोडी बुडवत फिरवायची, बुडबुडे निघतात तिथे बोट दाबून धरायचं. बारीकशी माळ वर आली. कागदाने घासून, सोल्युशन लावून, ते वाळेपर्यंत धीर धरून मग ठिगळ. या मुलाने धीर धरला, म्हणून ते शेवटपर्यंत टिकलं. यात पाऊण तास गेला. चहा मावशींनी फुकट देऊ केला, आम्ही दिले पैसे.

त्या पाऊण तासामुळे हरवळे हुकलं. पत्रकात तिथला धबधबा, रुद्रेश्वराचं देऊळ आणि लेणी तिन्ही छापलेली होती. डिसेंबरात धबधबा काही फार नसतो, पण लेण्यांसाठी मला थांबायचं होतं. ‘वेळ संपली’ असा निरोप मालकाकडून फोनवर आला. ट्यूब चुकीची देणाराही तोच, वेळ मोजणाराही तोच.

डिचोलीतला नाश्ता चांगला: पातळभाजी, गरम पाव, मिरचीची भजी. दुसरा चहा स्वतःच्या पैशाने. डिचोली ते साखळी हा पट्टा खाणींचा. २०१८ पासून काही वर्षं खाणी बंद होत्या, २०२४ मध्ये पुन्हा हलू लागल्या. आम्ही गेलो त्या रविवारी ट्रक दिसले नाहीत, पण डांबराच्या कडेची लाल माती चाकांना आणि मोज्यांना चिकटलीच. कामाच्या दिवशी हा तुकडा मी तरी घेणार नाही.

साखळीहून आमोणे, तिथला मांडवीवरचा पूल, पलीकडे खांडोळा आणि माशेल. माशेलला देवकीकृष्णाच्या देवळाजवळ सावलीत बसलो. बाळकृष्णाला कडेवर घेतलेली देवकी. ही मूर्ती चोडणहून मयेला आणि मयेहून इथे आली. आम्ही मये ते माशेल सायकलवर आलो ते याच्याच मागोमाग, असं भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘त्यांना २५ ची कॅसेट नव्हती मावशी.’ आषाढात याच देवळासमोर चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, होतो. माझे पाय बघता माझा आधीच झाला होता.

बाणस्तारीचा पूल ओलांडून जुने गोवे गाठलं तेव्हा घड्याळावर ५२ किलोमीटर आणि साडेबारा वाजलेले. शेवटचा तुकडा मुख्य रस्त्याचा आहे, गाड्या जोरात असतात, उन्हाचं तर बोलायलाच नको. उलट्या दिशेने, म्हणजे हा भाग पहाटे आणि दिवाडी शेवटी, असं केलं तर बरं पडेल. हे मी मालकाला सांगितलं, त्याने टिपून घेतलं.

तारे द्यायचे तर मार्गाला पाच, वाटाड्याला पाच, सायकलीला दोन, दुकानाला अडीच. सायकलीला दोन तरी दिले, कारण ब्रेक आणि साखळी चोख होती आणि डिचोलीच्या उतारावर ती अशी काही धावली की मी एकटीच मोठ्याने हसले. घ्यायची तर रोडबाईकच घेणार, मागे ३२ दातांची.

मापाचं कोडंही सुटलं. मालकाने अर्ज काढून दाखवला. माझे १५७ त्यांच्या वहीत उतरवताना १७५ झालेले. १७५ ला ५४ चं माप बरोबर आहे, म्हणजे गणित चुकलं नाही, अंक चुकले. त्याने ३०० रुपये परत दिले आणि ‘पुढच्या वेळी लहान सायकल ठेवतो’ म्हणाला. भाच्याने फेब्रुवारीतला रविवार ठरवलाय. या खेपेला अर्जात उंची अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहिलीय, चेकवर लिहितात तशी: एकशे सत्तावन्न फक्त.