८६बॉक्स: जुन्या संगणकाची नक्कल आणि तिचा वेग

किनारपट्टीवर जुना संगणक टिकवणे अवघड असते. खाऱ्या, दमट हवेने सुट्या भागांचे पाय गंजतात आणि ४८६ या जुन्या प्रोसेसरच्या काळातल्या अनेक मदरबोर्डांवरची (मुख्य सर्किट-पाट्यांवरची) निकेल-कॅडमियम बॅटरी गळली की ती आजूबाजूच्या तांब्याच्या रेषाही खाऊन टाकते. देवगडच्या आमच्या आंब्याच्या व्यवसायातले पेट्यांचे आणि हिशोबपट्ट्यांचे फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्राममधले जुने काम अशाच एका संगणकावर होते. ते वाचवण्यासाठी मी ८६बॉक्स हा मोफत, मुक्तस्रोत एम्युलेटर (आजच्या संगणकावर जुन्या संगणकाची नक्कल चालवणारा प्रोग्राम) घेतला आणि हंगामभर वापरला.

डॉसबॉक्स हा दुसरा एम्युलेटर प्रामुख्याने डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या कार्यप्रणालीचे, वातावरण पुरवतो. ८६बॉक्स मात्र बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम), चिपसेट (भागांना जोडणाऱ्या चिप) आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यासह एखादा विशिष्ट संगणकच उभा करतो. साहजिकच आपल्या लॅपटॉपला खूप राबावे लागते. खिडकीच्या वरच्या पट्टीत वेगाची टक्केवारी दिसते. ती १०० वर स्थिर असेल तर सारे सुरळीत चालते, आणि खाली घसरली की आवाज तुटू लागतो.

वेग सुधारण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे आतला संगणक गरजेपुरताच निवडणे, असे माझे ठाम मत झाले आहे. पेन्टियम २ निवडल्यावर माझ्या साध्या लॅपटॉपवर ही टक्केवारी सतत घसरत होती. त्याच लॅपटॉपवर ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ डीएक्स२ निवडताच ती १०० वरून हलली नाही, आणि फॉक्सप्रोला याहून अधिक काही लागतही नाही. प्रोसेसरची नक्कल एकाच कोअरवर (प्रोसेसरच्या एका गणक-भागावर) चालत असल्यामुळे लॅपटॉपला किती कोअर आहेत यापेक्षा एक कोअर किती वेगवान आहे हे महत्त्वाचे ठरते. डायनॅमिक रिकंपायलर चालू ठेवावा. तो जुन्या सूचनांचे गट आजच्या प्रोसेसरच्या भाषेत बदलून ठेवतो. हार्ड डिस्कच्या सेटिंगमध्ये जुन्या डिस्कच्या मंद गतीऐवजी रॅम डिस्कचा पर्याय घेतल्यावर मोठ्या फाइलींची अनुक्रमणिका लक्षात येईल इतकी लवकर तयार होते. मात्र वेग वाढवत नेणे नेहमीच हिताचे नसते, कारण टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग साधनात लिहिलेले अनेक प्रोग्राम साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर सुरू होतानाच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडतात.

लॅपटॉपची काळजीही घ्यावी लागते. डॉसचा कर्सर नुसता लुकलुकत असतानाही नक्कल चालूच राहते, लॅपटॉप तापतो आणि मे महिन्याच्या उकाड्यात तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. वीज गेल्यावर बॅटरीवरही तेच होते. म्हणून काम नसताना ‘पॉज’ करावे आणि विंडोजची पॉवर सेटिंग सर्वोच्च कामगिरीवर ठेवावी.

उणिवाही आहेत. रॉम फाइली (जुन्या बायोस वगैरेंच्या प्रती) वेगळ्या उतरवून योग्य फोल्डरमध्ये ठेवाव्या लागतात, आणि डॉसबॉक्सप्रमाणे आपला फोल्डर सरळ हार्ड ड्राइव्ह म्हणून जोडता येत नसल्याने फाइली फ्लॉपीच्या किंवा सीडीच्या रूपात आत न्याव्या लागतात. नवख्याला यात एक दुपार सहज जाईल. ज्यांना फक्त डॉसवरचे खेळ खेळायचे आहेत, त्यांनी डॉसबॉक्सच घ्यावा.

छपाईची सोय मात्र मला मनापासून आवडली. नकली संगणकाच्या एलपीटी पोर्टला (प्रिंटरच्या जोडणीला) आभासी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडला की प्रत्येक पान चित्राच्या फाइलीत उमटते, त्यामुळे दलालांच्या जुन्या हिशोबपट्ट्या मूळ रकान्यांसह आजच्या कोणत्याही प्रिंटरवर छापता येतात.