पाठीवरची पखाल: कान्हेरीपर्यंत तीनदा पळवून आणली

किंमत आधी सांगते, कारण कुठलीही वस्तू हातात घेतली की मी आधी चिठ्ठी उलटून बघते. १,८९९ रुपये. त्यात मिळते दीड लिटरची मऊ प्लास्टिकची पिशवी, तिला एक लांब नळी, नळीच्या टोकाला दातांत धरून पाणी ओढायचं रबरी बोंड, आणि हे सगळं पाठीशी धरून ठेवणारं जाळीचं, बिनबाह्यांचं जॅकेट. पळणाऱ्या मंडळींत याला हायड्रेशन व्हेस्ट म्हणतात. आमच्या घरी लेकीने त्याचं नाव ‘पखाल’ ठेवलं आणि तेच चिकटलं.

ब्रँडचं नाव लिहीत नाही. या भावात ऑनलाइन दिसणाऱ्या चार-पाच पखाली एकाच कटिंग टेबलावरून उतरल्यासारख्या आहेत, फक्त लेबल वेगवेगळं. तुमच्याकडे येईल तीही बहुधा हिचीच बहीण असेल.

मी कांदिवली पूर्वेला राहते, घरी ब्लाउज शिवते. २६ वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. लेक म्हणाली, “आई, तू चालायला निघतेस आणि भाजी घेऊन घरी येतेस. त्यापेक्षा पळ.” पळायला लागले. आता जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची हाफ, म्हणजे २१.०९७ किलोमीटर, डोक्यात आहे. म्हणून ऑक्टोबरपासून रविवारी लांबचा पल्ला, आणि आमच्या भागात लांबचा पल्ला म्हणजे नॅशनल पार्क, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान.

रस्ता असा. पोयसर मेट्रो स्टेशनखालून सर्व्हिस रोडने निघायचं. डोक्यावर मेट्रो, डाव्या हाताला हायवे. मागाठाणे, देवीपाडा, राष्ट्रीय उद्यान अशी स्टेशनं मोजत साडेतीन किलोमीटर. हा भाग कंटाळवाणा आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. मुख्य गेटातून तिकीट काढून आत गेलं की पहिली पाच मिनिटं कानांत हॉर्न वाजतच राहतो, मग कधीतरी थांबतो. पुढे दहिसर नदी ओलांडून रस्ता झाडांत शिरतो. तिथून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत डांबरी रस्ता. पहिला भाग सोपा, शेवटचा दीड-दोन किलोमीटरचा वळणावळणाचा चढ. घरापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत आणि परत, माझ्या घड्याळात २० किलोमीटर भरतात. मला तीन तासांना थोडे कमी लागतात. हसायचं असेल तर हसा. सोमवारी उद्यान बंद असतं, त्यामुळे रविवार चुकला तर दुसऱ्या दिवशी भरपाई करता येत नाही.

पखाल घेतली ती हौसेने नाही. त्याआधी मी अर्ध्या लिटरची बाटली हातात धरून पळायची. तीन तास बाटली आवळून धरली की बोटं अशी ताठतात की सोमवारी हूक लावायला सुई धरता येत नाही. एकदा एका नवरीच्या ब्लाउजची लटकन मला लेकीकडून लावून घ्यावी लागली, तेव्हा ठरवलं की हात मोकळे हवेत.

पहिला रविवार. पखाल गच्च भरली, पाठीवर चढवली, आणि पोयसर ते मागाठाणे माझ्या पाठीत ‘डुबुक, डुबुक’. माझ्यासोबत शेजारची वहिनी पळते. ती म्हणाली, “तुमच्या पाठीवर कुणीतरी नाचतंय.” यावर उपाय सोपा आहे, पण डब्यावर लिहिलेला नाही. पिशवी भरून बंद केल्यावर ती उलटी धरायची आणि नळीतून आतली हवा ओढून घ्यायची. हवा गेली की पाण्याला नाचायला जागा राहत नाही. दुसरी गोष्ट, नळीतलं पाणी उन्हात तापतं. पहिला घोट चहासारखा लागतो. प्यायल्यावर नळीत फुंकर मारून उरलेलं पाणी परत पिशवीत ढकललं की पुढचा घोट गार.

आता शिवणीकडे येते, कारण त्यावर बोलायचा माझा हक्क आहे.

जाळी चांगली आहे. घाम धरून ठेवत नाही, धुतली की पंख्याखाली तासाभरात वाळते. चेन ठीक. पण कापड बेतलंय पुरुषाच्या छातीवर. पुढे दोन पट्टे आहेत. वरचा माझ्या गळ्याच्या हाडावर येतो, खालचा बरोबर नको तिथे. घट्ट केला तर श्वास कोंडतो, सैल सोडला तर दीड किलो पाणी पाठीवर वर-खाली आपटतं. डब्यावर ‘स्त्री-पुरुष दोघांसाठी’ असं छापलंय. ज्याने छापलं त्याने आयुष्यात एकदाही बाईचं माप घेतलेलं नाही. बाईच्या अंगाला टक्स, म्हणजे कापडाला गोलाई देणाऱ्या चिमट्या, लागतात, सपाट कापड दोन्ही बाजूंनी ओढून ते बसत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना हे पहिल्या आठवड्यात कळतं.

मुंढा, म्हणजे हात घालायची जागा, सर्वांत वाईट. काखेखालची कड नुसती ओव्हरलॉक करून सोडली आहे, नायलॉनच्या दोऱ्याने. दहा किलोमीटरपर्यंत काही वाटत नाही. पंधराव्याला चुरचुरायला लागतं, आणि घरी येऊन अंगावर पाणी घेतलं की देव आठवतो. खोबरेल तेल चोळून गेले तरी फार फरक पडला नाही.

आणि माया! शिवणीत माया, म्हणजे शिलाईपलीकडचं जादा कापड, किती सोडली आहे ते आतून उलटवून पाहिलं, तर पाव इंचसुद्धा नाही. कापड वाचवलंय. खांद्याच्या पट्ट्यावर सगळा भार येतो आणि तिथेच माया नाही. दुसऱ्याच रविवारी डाव्या खांद्याचे चार टाके उसवले. तक्रार केली, तर बदलून देतो पण धुतलेला माल घेत नाही, असं उत्तर आलं. घामाने चिंब झालेली वस्तू न धुता परत पाठवायची होती म्हणजे!

त्या दुसऱ्याच रविवारी माकडाचाही प्रसंग झाला. लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचले, खांदा चुरचुरत होता म्हणून पखाल काढून कठड्यावर ठेवली आणि काकडीवालीकडे वळले. तिथे आदिवासी पाड्यांवरच्या बायका काकडी, पेरू, आवळे घेऊन बसतात. तिखट-मीठ लावलेली काकडी १५ किलोमीटरचा शीण उतरवते, मी तर दहावरच खाते. पैसे देते तोवर मागून वहिनीची किंकाळी. एका माकडाने पुढच्या खिशाची चेन शिस्तीत उघडून शेंगदाण्याची चिक्की काढली होती, आणि चिक्की खाऊन झाल्यावर नळीचं बोंड चावून पाहत होतं. काकडीवाली म्हणाली, “ताई, पिशवी पाठीवरून काढायची नाही इथं. त्यांना चेनी उघडता येतात.” म्हणजे चेन गुळगुळीत चालते, हे सिद्ध झालं. बोंडाचं मात्र भरीत झालं होतं. सुटं बोंड विकत घ्यायला गेले तर ३५० रुपये, अंगठ्याएवढ्या रबराचे. परतीचे दहा किलोमीटर नळीला गाठ मारून पळाले, गाठ सोडून प्यायले.

तिसऱ्या रविवारच्या आधी शनिवारी रात्री मशीनवर बसले. पुढचे दोन्ही पट्टे उसवून वरचा दीड इंच खाली आणला, खालचा पार बरगड्यांवर. मुंढ्याला जुन्या मलमलच्या दुपट्ट्याचा तिरका गोट लावला. खांद्याला आतून पट्टी देऊन दुहेरी शिलाई. लोंबणारी टोकं चापट्या मारत होती, त्यांना इलॅस्टिकचे दोन फास. साहित्य घरचंच, वेळ सव्वा तास.

आणि मग मात्र पखाल अशी बसली की तिसऱ्या वेळी ती पाठीवर आहे हे मला नदीपाशी आठवलं, तहान लागली तेव्हा. हात मोकळे. रस्त्याच्या कडेला झाडांमध्ये मोठ्या कोळ्यांची जाळी पसरलेली होती, पावसाळा सरला की ती दिसतात. एकापाशी थांबून मी टाका कुठून सुरू झालाय ते शोधत बसले. वहिनी पुढे गेली तरी मला कळलं नाही.

पाण्याचा हिशेबही त्या दिवशी केला. निघताना आणि आल्यावर, दोन्ही वेळा घाम पुसून वजन केलं. तीन तासांत मी सव्वा लिटर प्यायले आणि तरी वजन १.१ किलोने उतरलं. काकडी किरकोळ धरली, तर दोन लिटरच्या वर घाम गेला. मुंबईच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग गार करत नाही. शरीर आणखी सोडत बसतं. घामाबरोबर मीठ जातं, म्हणून नुसतं पाणी ढोसत राहणं बरं नाही, रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. मी ओआरएसची पुडी घेऊन जाते, पण पखालीत टाकत नाही. साखर-मिठाचं पाणी नळीत राहिलं की चिकट होतं आणि दोन दिवसांत काळी बुरशी धरते. पुडी खिशात, बारक्या बाटलीत मिसळून लेण्यांपाशी पिते.

धुण्याचं सांगून टाकते. नव्या पिशवीला प्लास्टिकचा वास येतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवली, दोनदा, तेव्हा गेला. वाळवताना तोंडातून लाकडी उलथनं आत घालून उभी ठेवायची, नाहीतर दोन्ही बाजू चिकटून आत ओल राहते. आठवडाभर वापरायची नसेल तर फ्रीजरमध्ये ठेवली की बुरशीची भीती नाही. फक्त सुक्या बोंबलांच्या डब्याशेजारी नको. एक रविवार मी अख्खा चढ बोंबलाच्या चवीचं पाणी पीत चढले आहे.

तिसऱ्या वेळी लेण्यांचं तिकीट काढून वरही गेले. इतकी वर्षं बोरिवली-कांदिवलीत काढली, पण शाळेच्या सहलीनंतर वर चढले नव्हते. शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी एकाच काळ्या डोंगरात. माझं लक्ष त्या दिवशी मूर्तींकडे गेलंच नाही, पाण्याकडे गेलं. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या बाजूला खडकात खोदलेलं टाकं आहे, आणि वर डोंगराच्या उतारावर बारीक चर कोरलेत, पावसाचं पाणी त्या टाक्यांत आणून सोडणारे. तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिल्याचाही लेख आहे. पावसाचे चार महिने गोळा करायचं आणि आठ महिने प्यायचं, हा त्यांचा बेत. ज्याने तो चर कोरला त्याला उतार किती ठेवायचा, कुठे वळवायचा याचं माप नेमकं कळत होतं. ऑक्टोबर संपत आला होता आणि एका टाक्यात पाणी काठापर्यंत होतं, हिरवट, स्थिर. मी पाठीवर १,८९९ रुपयांचं दीड लिटर घेऊन त्याच्याकडे बघत उभी राहिले. मागून एक मुलगा म्हणाला, “आंटी, तुमची नळी लीक होतेय.” होत होती. नवं बोंडही तितपतच.

घ्यावी का? दहा किलोमीटरच्या आत पळत असाल तर नको. कमरेच्या पट्ट्यात मावणारी बारकी बाटली पुरते. पंधराच्या वर, उन्हात, आणि हातांना दुसरं काम असेल तर घ्या. पुरुषांना जशीच्या तशी चालेल असं वाटतं. आमच्या ह्यांनी घालून पाहिली, त्यांना आरशासमोर तरी बरी बसली, पळून दाखवलं नाही. बायकांनी घ्यायची तर मशीनवर बसायची तयारी ठेवून घ्या, किंवा ओळखीच्या शिवणारीकडे द्या. पाचात मी साडेतीन देते. अर्धा चेनीचा, माकडाने तपासून दिलेला.

वहिनीने परवा तीच मागवली. डबा न फोडता थेट माझ्याकडे घेऊन आली, मी टेप काढून उभ्या उभ्या माप घेतलं. पट्टे हलवायचे, गोट आणि खांद्याची दुहेरी शिलाई मिळून २५० रुपये सांगितले. ती म्हणाली, “माझ्याकडूनसुद्धा?” मग २०० वर मिटलं, आणि येत्या रविवारची काकडी तिच्याकडून.